चालतंय की! पण एवढ्यावर भागतंय का?

सकाळी सहाला दादरच्या शिवाजी पार्कात जाऊन बघा. कट्ट्याच्या कडेनं पायी ट्रॅफिक जॅम! पुण्यात तळजाई आणि वेताळ टेकडी फुल्ल, कोल्हापुरात रंकाळा हाऊसफुल्ल. कानात इअरफोन, मनगटावर स्मार्टवॉच आणि ओठांवर एकच प्रश्न: 'रोज अर्धा तास झपाझप चालतो, बास ना?'

उत्तर लई इंटरेस्टिंग आहे. लेस बांधा, निघू या!

सुरुवात सगळ्यात फेमस आकड्यापासून. दहा हजार पावलं! हा आकडा कुणी ठरवला, माहीत आहे का? डॉक्टरनं? नाही. सरकारनं? तेही नाही. ठरवला एका जपानी कंपनीनं! १९६४ मध्ये टोकियोत ऑलिंपिक झालं आणि अख्ख्या जपानला फिटनेसचं वेड लागलं. संधी साधून १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल, लक्षात राहणारा. यंत्र खपलं आणि आकडा जगभर पोहोचला. आज तुमच्या घड्याळावर जे फटाके फुटतात ना, त्यांची वात साठ वर्षांपूर्वी जपानमध्ये पेटली होती.

मग खरा आकडा किती? अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून जास्त आज्यांची पावलं मोजली गेली. २०१९ मध्ये निष्कर्ष आला. दिवसाला साधारण २,७०० पावलं टाकणाऱ्यांपेक्षा ४,४०० टाकणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण तब्बल ४१ टक्के कमी! साडेसात हजारांच्या पुढे मात्र ज्यादा फायदा दिसेना. २०२५ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब आला. तिथला हिरो नंबर ७,०००. दोन हजारांच्या तुलनेत सात हजारवाल्यांना मृत्यूचा धोका ४७ टक्क्यांनी कमी.

इथे एक स्पीडब्रेकर हवाच. जो आधीच धडधाकट आहे तो आपसूकच जास्त चालतो, त्यामुळे सगळं श्रेय पावलांच्या खात्यात टाकता येत नाही. तरी इतके अभ्यास एकाच दिशेनं बोट दाखवत असतील तर आपण त्या दिशेला चालू लागावं, हे माझं स्पष्ट मत!

आपण भारतीय किती चालतो, माहीत आहे का? २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १११ देशांतल्या सात लाखांहून जास्त लोकांच्या स्मार्टफोनमधली पावलं मोजली. हाँगकाँग टॉपर, रोज सरासरी ६,८८०. भारत? ४,२९७. जगाच्या सरासरीच्याही खाली.

आणि कॅनडातले आमिश शेतकरी? मोटार नाही, ट्रॅक्टर नाही, सगळं अंगमेहनतीनं. तिथल्या पुरुषांची सरासरी निघाली रोज १८,४२५ पावलं! जिमची मेंबरशिप शून्य.

आता 'झपाझप' म्हणजे नेमकं किती झप? सोप्पं आहे. मिनिटाला साधारण शंभर पावलं पडली की ते ब्रिस्क वॉकिंग. मोजायचा कंटाळा? मग बोलून बघा. गप्पा मारता येतात पण गाणं म्हणता येत नाही, असा वेग असेल तर परफेक्ट. आख्खं गाणं सुरात म्हणता आलं तर गिअर वाढवा!

या वेगानं आपली शतपावली किती वेळात संपते? एका मिनिटात! आता मजा बघा. २०२२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. बसून राहण्यापेक्षा मधूनमधून दोन ते पाच मिनिटं हळू चाललं, तरी जेवणानंतरची साखर कमी चढते, असं त्यातून दिसलं. म्हणजे रात्री जेवून अंगणात फेऱ्या मारणारे आपले आजोबा अगदी अप-टू-डेट होते. फक्त शंभरवर थांबू नका, पाचशे करा.

चला, आता डबल डेकरमध्ये बसू या. कारण 'व्यायामानं हृदय वाचतं' या गोष्टीची पहिली भक्कम साक्ष प्रयोगशाळेत नाही, बसमध्ये सापडली! लंडनचे डॉक्टर जेरी मॉरिस यांना एक कोडं पडलं होतं. हार्ट अटॅक इतके का वाढलेत? त्यांनी लंडनच्या बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. एकच बस, एकच शहर. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर सीटवर आणि कंडक्टर दिवसभर वर-खाली, रोज पाच-सातशे पायऱ्या. १९५३ मध्ये निकाल छापून आला. कंडक्टरना हृदयविकार कमी, आणि झालाच तर कमी जीवघेणा. टपाल खात्यातही तेच! हिंडून पत्रं वाटणारे पोस्टमन टेलिफोनवर बसून काम करणाऱ्यांपेक्षा सुरक्षित.

शंका काढणारे म्हणाले, ड्रायव्हर मुळातच जाडे असतील. मॉरिस यांनी काय केलं, माहीत आहे का? थेट युनिफॉर्मच्या पँटींची मापं तपासली! ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला खरोखरच मोठ्या निघाल्या. मग पोटाचा घेर जमेस धरूनही पाहिलं, तरी कंडक्टर पुढेच. आणि डॉक्टरसाहेब स्वतः? ९९ वर्षं जगले. याला म्हणतात तिकीट वसूल!

'पण चालणं म्हणजे गरिबांचं रनिंग,' असं म्हणणारे भेटतात. त्यांना हे सांगा. अमेरिकेत ३३ हजार धावणारे आणि १५ हजार चालणारे यांच्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली. २०१३ मध्ये निष्कर्ष आला की जेवढी ऊर्जा धावून खर्च होते तेवढीच चालून खर्च केली, तर ब्लड प्रेशर, कोलेस्टेरॉल आणि डायबेटिसचा धोका जवळपास सारखाच घटतो. अट एकच. चालणाऱ्याला वेळ जास्त द्यावा लागतो. गुडघ्यांवरचा मार मात्र कमी.

आणि चालणं स्लो असतं असं कोण म्हणालं? जपानच्या तोशिकाझू यामानिशी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये २० किलोमीटर रेसवॉक १ तास १६ मिनिटं १० सेकंदांत मारली. ताशी पावणेसोळा किलोमीटर, तेही चालत! दोन्ही पाय एकाच वेळी हवेत दिसले की पंच फाउल देतात.

चालण्याचा ऑल टाइम सुपरस्टार हवाय? भेटा एडवर्ड पेसन वेस्टन यांना. १८६० मध्ये त्यांनी पैज लावली की लिंकन निवडणूक हरणार. लिंकन जिंकले! पैजेनुसार पठ्ठ्या बॉस्टनहून वॉशिंग्टनला शपथविधीसाठी पायी निघाला. सुमारे ७७० किलोमीटर, हिवाळा, बर्फ, चिखल. पोहोचेपर्यंत शपथविधी उरकला होता, पण त्यानिमित्तचा संध्याकाळचा बॉल डान्स गाठला. पुढे हीच त्यांची कमाई झाली. माणसं तिकिटं काढून त्यांचं चालणं बघायला यायची. सत्तरीत, १९०९ मध्ये, ते न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला चालत गेले. वारले नव्वदाव्या वर्षी.

उलट बाजूही आहे, शब्दशः उलट! टेक्सासचे प्लेनी विंगो १९३१ मध्ये पाठीमागे चालत जगप्रवासाला निघाले. मागचं दिसावं म्हणून चष्म्याला छोटे आरसे. १९३२ मध्ये थेट इस्तंबूलला पोहोचले. हा प्रयोग आपल्या रस्त्यांवर अजिबात नको!

जिममधली ट्रेडमिल मुळात तुरुंगातली शिक्षा होती, माहीत आहे का? १८१८ मध्ये इंग्लंडचे इंजिनिअर विल्यम क्युबिट यांनी कैद्यांसाठी पायचक्की बनवली. तासन्‌तास चढत राहायचं, पोहोचायचं कुठेच नाही. आज त्याच चालीसाठी आपण फी भरतो.

तर मग 'अर्धा तास बास ना?' याचं उत्तर 'हो' आहे? हृदयासाठी, साखरेसाठी, मूडसाठी: दणदणीत हो. पण थांबा, खरा ट्विस्ट आता येतोय.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलं: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम. रोजच्या अर्ध्या तासानं हा पेपर आरामात सुटतो. हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच पानावर दुसरा प्रश्न आहे, तो बहुतेक जण सोडून देतात. आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. आणि पासष्टीनंतर किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम. हे ऑप्शनला टाकता येत नाहीत!

का? कारण तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू गळतात, साठीनंतर आणखी वेगानं. चालण्यानं पाय थोडेफार वाचतात. खांदे, पाठ, हात? ते फक्त सोबत फिरायला आलेले असतात.

साधी हाताची पकडच घ्या. १७ देशांतल्या सुमारे एक लाख चाळीस हजार लोकांची पकड मोजली गेली. २०१५ मध्ये कळलं की पकड दर पाच किलोनं कमी असेल तसा मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त दिसतो. मंडईतून येताना पिशव्या रिक्षात टाकण्याआधी थोडं अंतर हातात धरून चाला. ट्रेनर फुकट!

याचा एक्स्ट्रीम नमुना आकाशात आहे. अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक-दीड टक्क्यानं झिजू शकतं, कारण त्यावर भारच पडत नाही. म्हणून स्पेस स्टेशनवर रोज सुमारे दोन तास व्यायाम कंपल्सरी. तिथल्या ट्रेडमिलचं नाव 'कोलबर्ट', टीव्हीवरच्या कॉमेडियनवरून! अंतराळवीर सुनीता विल्यम्सनी तर २००७ मध्ये स्टेशनवरच्या तेव्हाच्या ट्रेडमिलवर बॉस्टन मॅरेथॉन पळून काढली. तरी नासानं फक्त ट्रेडमिलवर भागवलं नाही, ताकदीसाठी वेगळं यंत्र बसवलंच. नासालाही नुसतं चालणं-पळणं पुरलं नाही!

आता दोन मिनी टेस्ट. पहिली: मांडी घालून जमिनीवर बसा आणि हात, गुडघा न टेकता उठा. ब्राझीलच्या डॉक्टरांनी याला दहापैकी मार्क देऊन पाहिलं आणि २०१२ मध्ये सांगितलं की कमी मार्कवाल्यांना पुढच्या काही वर्षांत धोका जास्त. दुसरी टेस्ट: एका पायावर दहा सेकंद. भिंत जवळ ठेवा. तोल गेला तरी घाबरू नका, पण सराव आजपासून. दात घासतानाही जमतो.

टांझानियाचे हाड्झा शिकारी लोक दिवसातले जवळजवळ दहा तास बसूनच असतात, माहीत आहे का? आपल्याइतकेच! पण त्यातला बराच वेळ उकिडवे, म्हणजे बसल्या बसल्या मांड्यांचं काम चालू. आपली सोफ्यावरची बैठक त्या बाबतीत नापास.

बरं, जुगाड आहे का? आहे! जपानच्या शिन्शू विद्यापीठानं इंटरव्हल वॉकिंग आणलं. तीन मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असे पाच राउंड, आठवड्यातून चार दिवस. पाच महिन्यांत मांड्यांची ताकद सुमारे १३ टक्के वाढली. त्याच अभ्यासातले नुसते एका लयीत चालणारे इथे मागे पडले. सपाट ट्रॅकचा कंटाळा आला तर पर्वतीच्या पायऱ्या आहेतच, मॉरिस यांच्या कंडक्टरचा मराठी अवतार व्हा.

ताकदीसाठी महागडी मशिनं लागत नाहीत. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शंभर वर्षांपूर्वी सूर्यनमस्काराचा झेंडा लावला होता, शाळाशाळांत! हात, छाती, पाठ, मांड्या, एका चटईवर सगळे हजर.

माझं लाडकं उदाहरण मात्र वारीचं. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये दिवे घाटाचा चढ. पण वारकरी नुसते चालतात कुठे? गळ्यात पखवाज, डोक्यावर तुळशी वृंदावन, हातात टाळ. वाटेत फुगडी, पावली, रिंगण, उड्या. कार्डिओ, वजन, तोल आणि हाडांना हवे असलेले दणके, सगळं एकाच पॅकेजमध्ये! आपल्याला वर्षभर हवंय तेही नेमकं हेच कॉम्बिनेशन.

ज्यांना छातीत दुखतं, चालताना धाप लागते, चक्कर येते किंवा पायात गोळे येतात, त्यांनी हे सगळं वाचून लगेच पळत सुटायचं नाही. आधी डॉक्टर.

आणि जाता जाता एक आकडा, जो मला सगळ्यात जास्त टोचतो. २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होतं. उद्या सकाळी शूज घालाल तेव्हा आईला, बायकोला, सासूबाईंना हाक मारा. चहा अर्धा तास उशिरा झाला तरी चालेल. किंवा परत आल्यावर तो तुम्हीच टाका!