छाती लवकर, तंगडी उशिरा

अंबड तालुक्यातल्या वडीगोद्रीत कोंबडी म्हटली की रस्सा. येसर मसाला घातलेला, वर तर्री, सोबत बाजरीची भाकरी. चिकनच्या दुकानातून कोंबडी तुकडे होऊनच घरी येते. ती अख्खी भाजायचा बेत ठरतो तो हिवाळ्यात, शेतात, हुरड्याच्या दिवसांत. आणि पहिल्या वेळी बहुतेकांची गत एकच होते: छाती कोरडी ठाक, मांडीचा सांधा मात्र कच्चा. मग मसाल्याला नावं ठेवली जातात, जाळाला ठेवली जातात. खरं कारण कोंबडीच्या अंगातच आहे.

कोंबडी दिवसभर चालते, उकरते, उभी राहते. उडते ती कुत्रं अंगावर आलं तर, कुंपणापुरती. पायांच्या स्नायूंना तासन्‌तास सावकाश काम करायचं असतं, त्यामुळे प्राणवायू धरून ठेवणारं मायोग्लोबिन हे लाल प्रथिन त्यांत जास्त असतं. चरबी जास्त असते, आणि तंतूंना बांधून ठेवणारं कोलॅजेनही. छातीचे स्नायू काही क्षणांच्या फडफडीसाठी असतात. ते साठवलेल्या ग्लायकोजेनवर चालतात, म्हणून पांढरे, मऊ आणि जवळजवळ बिनचरबीचे.

उष्णता लागली की दोघांचे रस्ते वेगळे होतात. 50 अंश सेल्सिअसच्या आसपास मायोसिन हे प्रथिन घट्ट होऊ लागतं, तर 66 ते 73 अंशांच्या दरम्यान अ‍ॅक्टिन आवळतं. अ‍ॅक्टिन आवळलं की तंतूंमधलं पाणी पिळून बाहेर पडतं. छातीला त्यापुढचा प्रत्येक अंश महागात जातो. तंगडीतलं कोलॅजेन मात्र 70 अंशांनंतर कुठे विरघळून जिलेटिन होऊ लागतं, आणि 80 च्या वर गेल्यावर मांस हाडापासून सुटतं. म्हणजे एकाच जाळावर, एकाच वेळी, दोन मांसांना किमान सहा-सात अंशांच्या फरकाने शिजवायचं आहे. अख्खी कोंबडी भाजण्याचं सगळं शास्त्र या एका अडचणीभोवती फिरतं.

रश्श्यात ही अडचण जाणवत नाही. तिथे पाणी 100 अंशांच्या वर जात नाही, तंगडीला हवा तितका वेळ मिळतो, आणि छातीचा कोरडेपणा रस्सा झाकून टाकतो. धुळे-सोलापूर महामार्गावर धाब्यावरचा तंदूरवालाही ही अडचण आपल्या परीने सोडवतो. तो मुळात लहान कोंबडी घेतो आणि तंगडीला हाडापर्यंत खोल चिरा देतो. मांसाची जाडी दुप्पट झाली तर आतपर्यंत उष्णता पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. चिरा दिल्या की जाडी कमी होते आणि तंगडी छातीच्या बरोबरीने शिजते. मसाला मुरावा हा त्या चिरांचा दुय्यम फायदा. हळद, लसूण, तिखट रात्रभर ठेवलं तरी मांसात काही मिलिमीटरच शिरतं.

रायगडमधली पोपटी ही याहून वेगळी युक्ती आहे. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ-मसाला लावलेली कोंबडी, पाण्याचा थेंब नाही, तोंड पाल्याने बंद, आणि मडकं उलटं करून भोवती जाळ. नावाला भाजणं असलं तरी आत शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवर कोंबडी शिजत असते, 100 अंशांच्या आगेमागे. म्हणून पोपटीतली कोंबडी मऊ आणि सुवासिक होते, पण कातडी कुरकुरीत होत नाही. ओल्या मातीत लिंपून फुफाट्यात पुरलेल्या कोंबडीचंही तसंच. वडीगोद्रीची माती बेसॉल्टची झीज होऊन बनलेली काळी माती. तिच्यात स्मेक्टाइट गटातली खनिजं भरपूर. ती पाण्याने फुगतात आणि वाळताना आकसतात, उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या त्यामुळेच. नुसत्या काळ्या मातीचा थर निखाऱ्यात फुटतो, वाफ निघून जाते आणि राख आत शिरते. घराच्या भिंतीला लिंपताना घालतात तसा भुसा मातीत मळला तर थर एकसंध राहतो.

खरपूस कातडी हवी असेल तर पाणी हा शत्रू. मांसावर तांबूस रंग आणि भाजल्याचा वास येतो तो अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातल्या अभिक्रियेमुळे. लुई-कामील मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ती 1912 मध्ये मांडली. 140 अंशांच्या वर ती वेगाने होते, पण कातडीवर ओल असेपर्यंत कातडी 100 च्या पुढे सरकत नाही. एक किलो पाणी 25 अंशांपासून उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातपट त्याची वाफ करायला लागते. ओली कोंबडी जाळावर ठेवली की पहिला बराच वेळ कातडी वाळवण्यातच जातो आणि तोवर छाती शिजून पुढे गेलेली असते. आमच्या भागात मोसंबी मुबलक, म्हणून कुणी तिचा रस चोळायला सुचवतं. मोसंबीत आंबटपणा नगण्य आणि साखर भरपूर. मांसाला फायदा नाही, कातडी मात्र ओली होते आणि मग करपते.

त्यापेक्षा मीठ. दीड किलोच्या कोंबडीला 15 ते 20 ग्रॅम, आदल्या रात्री, आतून-बाहेरून चोळून, फ्रिजमध्ये उघडी ठेवून. आधी मीठ पाणी बाहेर ओढतं, त्यात विरघळतं आणि ते खारं पाणी हळूहळू आत परततं. मिठामुळे मायोसिन सैल होतं आणि भाजताना पाणी धरून ठेवतं. कातडीही वाळते. कोंबडी नळाखाली धुऊ नये हे मी आग्रहाने सांगेन. शिंतोड्यांबरोबर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर ओट्यावर, कोथिंबिरीवर पसरतात. त्यांना आगच मारते.

कोंबडी कोणती? गावरान कोंबडीची चव मला स्वतःला जास्त आवडते, पण पहिल्यांदा भाजायला वर्षभराचा कोंबडा घेऊ नये. वय वाढतं तसे कोलॅजेनच्या धाग्यांमधले जोड पक्के होतात आणि कोरड्या आचेत ते सुटत नाहीत. त्याला रस्साच बरा. पाच-सहा आठवड्यांची ब्रॉयलर किंवा कोवळी तलंग चालेल. जाता जाता एक गोष्ट सांगायचीच आहे. कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. पण अनेक जातींत दिसणाऱ्या पिवळ्या कातडीचं जनुक राखी रानकोंबड्याकडून आलं, असं 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. हा पक्षी भारतातला, सह्याद्रीच्या जंगलात आजही आरवणारा. चुलीशेजारी पडलेल्या पिवळ्या पायात त्याचा वारसा आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता जाळ. कापसाच्या पऱ्हाट्या भुरकन पेटतात आणि विझतात. त्या सुरुवातीला ठीक. पुढे बाभळीचे निखारे हवेत. निखारे कोंबडीखाली नकोत, नाहीतर चरबी ठिबकून भडका उडतो आणि काजळी बसते. दोन बाजूंना ढीग, मधे सळईवर कोंबडी, खाली परात. मोठा ढीग तंगड्यांच्या बाजूला. तंगड्या बांधून छातीला चिकटवू नयेत, मोकळ्या राहिल्या की सगळीकडून आच लागते. सळई म्हणून कुंपणाची तार घेऊ नये, तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो.

झाली की नाही हे रंगावरून ठरवू नये. कोवळ्या ब्रॉयलरची हाडं सच्छिद्र असतात, मगजातला लाल रंग पाझरून शिजलेलं मांसही हाडाजवळ लालसर दिसतं. उलट, पांढरं दिसणारं मांस कच्चं असू शकतं. टोचायचा थर्मामीटर घ्यावा, त्याला पर्याय नाही. टोक हाडाला न लावता छातीच्या सगळ्यात जाड भागात 74 अंश, मांडीत 80 च्या वर. 74 ला जंतू जवळजवळ तत्काळ मरतात. मग दहा-पंधरा मिनिटं हात न लावता ठेवावी. बाहेरची उष्णता आत सरकत राहते, रस थोडा दाटतो आणि सुरी लावल्यावर परातीत वाहून जात नाही.

हाडं टाकू नयेत. पाणी घालून मंद आचेवर दोन-तीन तास ठेवली की भाजताना शिल्लक राहिलेलं कोलॅजेनही जिलेटिन होतं, आणि गाळून फ्रिजमध्ये ठेवलेलं हे आळणी पाणी सकाळी थरथरत्या वडीसारखं घट्ट झालेलं असतं.