ऑस्कर्सबोर्ग : म्हाताऱ्या तोफांचा किल्ला

ऑस्लोहून फियॉर्डमधून दक्षिणेला निघालं की साधारण ३० किलोमीटरवर, ड्रोबाक गावापाशी पाणी एकदम चिंचोळं होतं. तिथल्या काहोल्मन बेटांवर नॉर्वेने १८५३ मध्ये ऑस्कर्सबोर्ग बांधून पूर्ण केला. राजधानीकडे जाणारं प्रत्येक जहाज याच्या तोंडासमोरून जाणार. १८९३ मध्ये बसवलेल्या २८ सेंटिमीटरच्या तीन तोफा जर्मनीच्या क्रुप कारखान्यातल्या. नावं मोझेस, आरोन आणि जोशुआ. एक तोफ उतरवताना पाण्यात पडली, बाहेर काढली आणि बायबलमधल्या कथेला स्मरून तिचं नाव मोझेस पडलं, असं सांगतात.

९ एप्रिल १९४० च्या पहाटे अंधारातून युद्धनौका वर सरकू लागल्या. किल्ल्याचे प्रमुख कर्नल बिर्गर एरिकसेन तेव्हा ६४ वर्षांचे. नौका कुणाच्या, याची खात्री नाही. वरून स्पष्ट हुकूम नाही. देश तटस्थ. जवान बहुतेक नवखे, तेही दोनच तोफांपुरते, आणि त्यासाठीही स्वयंपाक्यांना हाताशी घ्यावं लागलं. पुन्हा तोफ भरायला वेळ मिळणार नव्हता, म्हणजे हाती दोनच गोळे. एरिकसेन यांनी इशाऱ्याची फैर न झाडता थेट नेम धरायला लावला. मला विचाराल तर त्या पहाटेचा खरा पराक्रम नेमबाजीत नव्हे, या जबाबदारीत आहे.

४ वाजून २१ मिनिटांनी तोफा धडाडल्या. दोन्ही गोळे ‘ब्ल्यूखर’ या कोऱ्या करकरीत जर्मन क्रूझरवर बसले. मग खडकात दडवलेल्या, जर्मनांना पत्ताच नसलेल्या ठाण्यातून सुमारे चाळीस वर्षं जुने टॉर्पेडो सुटले. दोनेक तासांत नौका बुडाली. शेकडो माणसं गेली. मागच्या नौका परतल्या.

ऑस्लो त्याच दिवशी पडलं, कारण जर्मन सैनिक विमानांनी उतरले. दुसऱ्या दिवशी किल्ल्यानेही शरणागती पत्करली. पण तेवढ्या अवधीत राजे हाकोन, मंत्रिमंडळ आणि संसद रेल्वेने निसटली, बँकेतलं सोनंही मालमोटारींतून बाहेर पडलं. पुढे लंडनमधून पाच वर्षं नॉर्वेचं सरकार चाललं.

‘ब्ल्यूखर’ अजून तिथेच, सुमारे ९० मीटर खोल आहे. १९९४ मध्ये तिच्यातलं बरंचसं तेल उपसण्यात आलं. किल्ल्यात आता संग्रहालय आणि हॉटेल आहे, उन्हाळ्यात पटांगणात ऑपेराही रंगतो. ड्रोबाकहून बोटीने काही मिनिटांत पोचता येतं. तोफांपाशी सगळेच फोटो काढतात. टॉर्पेडोचं ठाणं मात्र वाटाड्याबरोबर आवर्जून पाहा.