‘लैला’ आणि तिचे दुभंगलेले प्रेक्षक

‘लैला’ ही सहा भागांची हिंदी मालिका नेटफ्लिक्सवर १४ जून २०१९ रोजी आली. दीपा मेहता, शंकर रमण आणि पवन कुमार हे तिचे दिग्दर्शक; आधार प्रयाग अकबर यांच्या २०१७च्या इंग्रजी कादंबरीचा. काळ स्वातंत्र्याच्या शंभरीच्या आसपासचा. ‘आर्यावर्त’ नावाच्या राज्यात जमातीजमातींच्या वस्त्यांभोवती भिंती उभ्या आहेत आणि स्वच्छ पाणी पैसेवाल्यांपुरते उरले आहे. मुसलमानाशी लग्न केलेल्या शालिनीला (हुमा कुरेशी) ‘शुद्धी’साठी केंद्रात डांबले जाते. ताटातूट झालेल्या मुलीचा तिने घेतलेला शोध म्हणजे ही मालिका.

वाद झलक दिसताच पेटला. मालिका हिंदूंची बदनामी करते, असे म्हणत एका गटाने नेटफ्लिक्स सोडण्याची हाक दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईत शिवसेनेच्या आयटी सेलमधील एका सदस्याने नेटफ्लिक्सविरुद्ध पोलिसांत तक्रार केली, तीत ‘लैला’चेही नाव होते. दुसऱ्या गटाला हा वेळीच दिलेला इशारा वाटला.

तिसरी नाराजी राजकारणाची नव्हती, आणि खरे तर तीच अधिक विचार करण्याजोगी. हुमा कुरेशीचे काम आवडलेल्यांनाही कथा सतत काळवंडलेली, योगायोगांवर चालणारी वाटली. मार्गारेट अ‍ॅटवुड यांच्या ‘द हँडमेड्स टेल’ची छाया अनेकांना जाणवली. कादंबरीत मुलगी हरवून सोळा वर्षे लोटली आहेत, त्यामुळे तिथे आठवणीच कथा पुढे नेतात. मालिकेत अंतर दोन वर्षांवर आले आणि पाठलाग वाढला. शिवाय राज्याला नाव, घोषणा, गणवेश मिळाल्यावर प्रेक्षक त्यात आजचे पक्ष शोधणार, हे ओघानेच आले. शेवट ऐन मोक्यावर तोडलेला, आणि दुसरा हंगाम आलाच नाही.

या गदारोळात पाण्याची बाजू मागे पडली. महाराष्ट्रात तरी ती कल्पित वाटू नये. मार्च २०१६मध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचे कलम १४४ लावावे लागले. एप्रिलमध्ये मिरजेहून निघालेल्या पहिल्या रेल्वेने तिथे पाच लाख लिटर पाणी पोहोचवले. वऱ्हाडातली टंचाई आणखी वेगळी. अमरावती जिल्ह्यातले वलगाव मागे टाकून दर्यापूरकडे निघाले की पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. तिथे जमिनीत पाणी आहे, पण खारे. पिण्यासाठी गोडे पाणी धरणातून नळाने आणावे लागते.