कलनाचें शिक्षण : गाळणी कीं पंप?

कॅल्क्युलस अथवा कलन हें नांव ऐकतांच, महाविद्यालयांत जे तें शिकले असतील अशा श्रोत्यांस सूत्रांच्या लांबलचक यादीचें स्मरण होतें. सूत्रें घोकावीं, परीक्षेंत त्यांत आंकडे भरावे आणि उत्तर काढावें. त्या उत्तराचा अर्थ काय, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. अमेरिकेंत मात्र १९८० नंतरच्या दशकांत तो प्रश्न ऐरणीवर आला.

तेथें विज्ञान किंवा एंजिनिअरिंग शिकूं इच्छिणाऱ्यास आरंभींच कलनाचा उंबरठा ओलांडावा लागतो, आणि पुष्कळांची वाट तेथेंच खुंटत असे. म्हणून जानेवारी १९८६ मध्यें न्यू ऑर्लीन्सच्या ट्यूलेन विद्यापीठांत सुमारें २५ गणितज्ञ एकत्र आले. अभ्यासक्रमाचा भार हलका करून समज वाढवावी, असें त्यांनीं सुचविलें. १९८७ सालीं वॉशिंग्टन येथें ६०० हून अधिक लोकांची परिषद भरली. कलन हें विद्यार्थ्यांस अडविणारी गाळणी न राहतां त्यांस वर उचलणारा पंप व्हावें, हा विचार तिच्या वृत्तान्ताच्या नांवांतच गोंविलेला आहे.

नव्या पद्धतीचें मर्म एका उदाहरणानें कळेल. उंचावरून सोडलेला दगड किती मीटर खालीं आला हें काढण्यास, गेलेल्या सेकंदांच्या वर्गास सुमारें ५ नें गुणावें. आतां बरोबर दुसरा सेकंद संपतांना त्याचा वेग किती? जुन्या वळणाचा विद्यार्थी सूत्र लावून २० असें लिही व मोकळा होई. नवा अध्यापक आधीं आंकडे मांडावयास सांगतो. २ ते २.१ सेकंदांत दगड २.०५ मीटर पडतो, म्हणजे सरासरी वेग सेकंदास २०.५ मीटर, २ ते २.०१ सेकंदांत तोच २०.०५. काळ जसजसा आंखडावा, तसतसा वेग २० च्या निकट जातो. मग आलेख काढून त्या बिंदूपाशीं वक्ररेषेची चढण पाहावयाची, आणि सूत्राशीं ती ताडून घ्यावयाची. हार्वर्ड येथील ॲन्ड्र्यू ग्लीसन व डेबोरा ह्यूज-हॅलेट यांच्या मंडळानें आलेख, आंकडे व सूत्र या तिन्ही अंगांनीं प्रत्येक विषय शिकविण्याचा दंडक घातला. पुढें शब्दांत सांगणें हें चौथें अंग जोडलें गेलें.

विरोधही झाला. बीजगणितावरील हात सुटेल, सिद्धतेची शिस्त ढिली पडेल, अशी भीति अनेक गणितज्ञांनीं व्यक्त केली. ती सर्वस्वीं निराधार नव्हती; चित्रावरून पटलेलें सर्वदा सत्य असतेंच असें नाहीं. तथापि सिद्धता हें शंकेचें उत्तर असतें. ज्याला प्रश्नच कळला नाहीं, त्याला शंका तरी कोठून येणार? सूत्र विसरल्यावरही त्या पडणाऱ्या दगडाचा वेग ज्यास पुन्हां काढतां येईल, तोच कलन शिकला असें म्हणावें.