ट्रॅव्हल एजंट माऊसला हातही न लावता विमानाचं तिकीट कसं काढतो?

ट्रॅव्हल एजंटच्या ऑफिसात बसून कधी विमानाचं तिकीट काढलं असेल, तर हे दृश्य ओळखीचं असेल. तुम्ही म्हणता, "२० डिसेंबर, मुंबई ते दिल्ली." समोरचा माणूस कीबोर्डवर दोन सेकंद खडखडाट करतो, एन्टर मारतो आणि विमानांची यादी हजर. स्क्रीनवर बघावं तर ना चित्र, ना बटण, नुसती अक्षरं.

ही असते 'अमेडियस'सारखी रिझर्व्हेशन सिस्टिम. इथे कर्सर लुकलुकतो तिथे थेट कमांड टाइप करायची. सुरुवातीला 'एएन', म्हणजे कुठल्या विमानात जागा आहे ते दाखव. त्याला चिकटून तारीख, मग मुंबईचा कोड 'बीओएम' आणि दिल्लीचा 'डीईएल'. (शहराचं नाव १९९५ मध्ये बदललं, कोड अजून बॉम्बेचाच आहे.) यादीतलं दुसरं विमान पसंत पडलं की 'एसएस१वाय२'. एक सीट, वाय क्लास, दुसरी ओळ. विषय संपला.

हे असं का? तर १९५३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ आणि आयबीएमचे ब्लेअर स्मिथ योगायोगाने एकाच विमानात भेटले. त्या गप्पांतून पुढे 'सेबर' ही सिस्टिम उभी राहिली. तेव्हा कॉम्प्युटरची मेमरी महाग होती आणि डेटा वाहणाऱ्या लाइन संथ, त्यामुळे एकेक अक्षर वाचवलं जायचं. १९८७ मध्ये युरोपातल्या चार विमान कंपन्यांनी अमेडियस काढली, तिथेही हीच पद्धत राहिली. ज्याच्या बोटांना कमांड पाठ आहेत, त्याला माऊसपेक्षा हे कधीही वेगवान.

खरी गोम आहे नावात. 'एनएम१' लिहून आधी आडनाव, मग तिरकी रेघ, मग पहिलं नाव. आपल्याकडे पासपोर्टवर बऱ्याचदा स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. एजंटने घाईत पाटील आणि संतोष यांची अदलाबदल केली, तरी सिस्टिम एका शब्दाने टोकत नाही. संतोष हे आडनाव नाही, हे तिला कुठून कळणार? तिकीट निघाल्यावर चूक सापडली, तर विमान कंपनीच्या हातापाया पडणं आलं, आणि कधीकधी नवं तिकीट.

फोन नंबरसारखा आवश्यक तपशील राहिला तर मात्र ती अडून बसते, बुकिंग सेव्हच करत नाही. सगळं भरून झालं की 'ईआर' मारायचं, तेव्हा सहा अक्षर-अंकांचा पीएनआर मिळतो. त्याआधी 'आयजी' मारलं तर त्या फेरीतलं सगळं टायपिंग पुसलं जातं. चुकून 'एक्सआय' टाकून अख्खा प्रवास रद्द केला, तरी 'आयजी' वाचवतं. पण एक्सआयनंतर सवयीने 'ईआर' दाबलं गेलं, तर सीट गेली. तीच सीट त्याच भाड्यात परत मिळेल याची खात्री कुणीच देत नाही.

म्हणून पुढच्या वेळी एजंटने 'ईआर' मारायच्या आत स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा आणि तिरक्या रेघेच्या डावीकडे आपलं आडनावच आहे ना, तेवढं बघून घ्या.