रबराला शिवलेलं चामडं

नोव्हेंबरात मेनच्या जंगलात पाय कोरडे ठेवणं महाकठीण. अमेरिकेच्या ईशान्य टोकाचं, कॅनडाला टेकलेलं हे राज्य बहुतेक सगळं झाडीने झाकलेलं आहे आणि हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम याच महिन्यात येतो. पहाटे जमीन गोठून दगड झालेली असते, दुपारी तीच पायाखाली दबते. सीडरच्या झाडांखाली दलदल, ओढ्यावर पाऊल न पेलणारा बर्फाचा पापुद्रा, मध्येच पाऊस, मध्येच हिम. परवानाधारक शिकारी भडक नारिंगी कपडे अंगावर चढवून निघतो आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा माग काढत दिवसभर चालत राहतो. त्या दिवसात त्याचं काय होणार हे बंदुकीपेक्षा बुटांवर जास्त अवलंबून असतं. ओल्या, गारठलेल्या पायांचा माणूस दुपारपर्यंत हरणाचा विचार सोडून देतो आणि शेकोटीचा करायला लागतो.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी त्याच्यापुढे दोनच पर्याय होते. एक, आखूड किंवा उंच चामडी बूट. चामडं पायाला धरून बसतं, घोट्याला आधार देतं, त्यातून हवाही खेळते. पण दलदलीत तासभर चाललं की ते पाणी पितं आणि जड होतं. दुसरा, रबरी गमबूट. त्यात बाहेरचं पाणी येत नाही, पण आतला घामही जात नाही. शिवाय घोट्याशी तो ढगळ असतो, चालताना टाच आत वरखाली होते आणि संध्याकाळपर्यंत टाचेला फोड येतो. या दोन्ही बुटांचे गुण एकाच बुटात आणणाऱ्या माणसाचं नाव लिऑन लिऑनवूड बीन.

बीनचा जन्म 1872चा, मेनमधल्याच ग्रीनवूड गावचा. बाराव्या वर्षी आई-वडील दोघेही चार दिवसांच्या अंतराने गेले. पुढे तो फ्रीपोर्ट गावात भावाबरोबर कपड्यांचं दुकान चालवू लागला. धंद्यात फार मोठं नाव नव्हतं. जीव रमायचा तो जंगलात. 1911 साली शिकारीहून ओल्या पायांनी परतल्यावर त्याने गमबुटाचा खालचा रबरी भाग घेतला आणि गावातल्या चांभाराकडून त्यावर हलक्या चामड्याचा वरचा भाग शिवून घेतला. जिथे पाणी लागतं तिथे रबर, जिथे पाय वाकतो आणि घाम सुटतो तिथे चामडं. कल्पना एवढीच होती. टाचेमागे, जिथे चामडी बूट हमखास चावतो, तिथली पट्टीही त्याने पुढे दुभागून ठेवली, म्हणजे वाकताना तिची घडी कातडीत रुतणार नाही.

1912 साली बीनने तीन पानी पत्रक छापलं आणि बाहेरच्या राज्यांतून येऊन मेनमध्ये शिकारीचा परवाना काढलेल्यांच्या यादीवरून पत्ते घेऊन ते पाठवलं. बूट पसंत पडला नाही तर पैसे परत, अशी हमी त्यात होती. शंभर जोड विकले गेले आणि त्यातले नव्वद परत आले.

बीनची कंपनी आजही ही गोष्ट अभिमानाने सांगते. बीनने सगळ्यांचे पैसे परत केले, 400 डॉलर कर्ज काढलं, बॉस्टनला युनायटेड स्टेट्स रबर कंपनीकडे गेला आणि नव्याने जोड करून घेतले. धंद्याच्या पुस्तकांतून ती सचोटीची गोष्ट म्हणून येते आणि तशी ती आहेच. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते त्या नव्वद जोडांचं फाटणं. ते तळाला झिजले नव्हते, चामडंही तडकलं नव्हतं. चामडं आणि रबर जिथे एकमेकांना शिवले होते, नेमके तिथे ते सुटले होते.

यामागचं कारण साधं आहे. चामडं म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचं जाळं. आरीने भोक पाडलं तरी आजूबाजूचे तंतू दोरा धरून ठेवतात. पातळ रबरात असे तंतू नसतात. त्यात ओळीने भोकं पाडली की टपाल तिकिटांच्या पानासारखं त्याच ओळीवर ते फाटायला तयार होतं. त्यातून ही शिवण येते कुठे, तर चवड्याच्या वर, जिथे प्रत्येक पावलागणिक बूट वाकतो. दिवसाला हजारो वेळा तो दोरा रबराला कापू बघतो. बॉस्टनहून बीनने जे आणलं ते हा ताण सोसणारं, शिवणीसाठीच घडवलेलं रबरी बूड. त्यानंतर बूट टिकायला लागला. 1913च्या जानेवारीत अमेरिकेच्या टपाल खात्याने पार्सलची सेवा सुरू केली आणि घरबसल्या माल मागवण्याचा हा धंदा वाढत गेला. बीनचा कारखाना बराच काळ फ्रीपोर्टच्या पोस्ट ऑफिसच्या माडीवर होता. वर बूट बांधायचे आणि खाली टपालात टाकायचे.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. रात्री-अपरात्री उत्तरेकडच्या जंगलांत निघालेले शिकारी आणि मासेमार दार ठोठावायचे, म्हणून 1951पासून फ्रीपोर्टचं दुकान अहोरात्र उघडं राहू लागलं. बीन 1967 साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारला. नातू लिऑन गोर्मनने कंपनी कितीतरी पट वाढवली. मेन हे एकेकाळी बुटांच्या कारखान्यांचं राज्य होतं. स्वस्त आयातीपुढे त्यातले बहुतेक बंद पडले. बीनचा हा बूट मात्र अजून मेनमध्येच, ब्रन्सविकच्या कारखान्यात शिवला जातो. शिकारीशी काडीचा संबंध नसलेले विद्यार्थीही तो आता घालतात. ईशान्य अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींनाही पहिल्या हिवाळ्यात तो कॅम्पसवर दिसतोच. 2014च्या हिवाळ्यात मागणी इतकी वाढली की लोकांना जोडासाठी महिनोन्महिने थांबावं लागलं.

हा बूट जवळून पाहण्यासारखा आहे. रबरी बूड सगळ्या पावलाला आणि टाचेला वाटीसारखं कवेत घेतं, तळाला साखळीची नक्षी. त्याच्या वरच्या काठावर चामडं येतं आणि दोन्ही कडा एकावर एक ठेवून तीन ओळींत शिवलेल्या असतात. एक ओळ उसवली तरी दोन राहतात. जीभ दोन्ही बाजूंनी घडी घालून चामड्याला जोडलेली असते, त्यामुळे नाडीच्या फटीतून पाणी शिरत नाही. तळव्याच्या कमानीखाली पोलादी पट्टी असते. नुसत्या रबरावर चालताना पाय जो मधोमध लवतो आणि दुखतो, तो तिच्यामुळे सावरला जातो. शिकाऱ्यांसाठीचा जो मूळ नमुना आहे, ‘मेन हंटिंग शू’, त्याचा तळ नेहमीच्या बीन बुटापेक्षा मऊ आणि लवचीक ठेवलेला असतो. पायाखाली काटकी आली तर ती मोडण्याआधी तळव्याला कळावी, हा त्याचा हेतू. दबकत चालणाऱ्याला याहून मोठी सोय नाही.

पण हा बूट सगळ्यांसाठी नाही. त्याच्या रबराला ऊब नाही. चालणाऱ्याचा पाय चालण्याने गरम राहतो. झाडावरच्या मचाणात चार-चार तास निश्चल बसणाऱ्याचे पाय याच बुटात बधिर होतील. त्याने आत जाड नमद्याचं, बाहेर काढून वाळवता येणारं अस्तर असलेला बूट घ्यावा. कॅनडातल्या किचनरच्या कॉफमन कंपनीने 1962पासून ‘सोरेल’ नावाने काढलेले बूट त्याच जातीचे. आणि रॉकी पर्वतात एल्क या मोठ्या हरणाच्या मागे खडकाळ उतारांवर फिरणाऱ्याने तर बीनच्या बुटाच्या वाटेला जाऊच नये. तिथे लागतो ताठ तळाचा, घोटा घट्ट धरणारा चामडी बूट, खोल खाचांच्या रबरी तळाचा. त्या खाचांचीही एक दुःखद कथा आहे. 1935 साली आल्प्समध्ये विताले ब्रामानीचे सहा सोबती दगावले. बर्फात त्यांच्या पायांतली पादत्राणं कुचकामी ठरली होती. ब्रामानीने त्यानंतर गिर्यारोहणासाठी रबरी तळ घडवला. व्हिब्रम हे नाव त्याच्याच नावातून आलेलं.

म्हणूनच कोणता बूट सर्वांत चांगला, असं दुकानदाराला विचारण्यात अर्थ नाही. आपण चालणार की बसणार, जमीन ओली की खडकाळ, हे आधी ठरवायचं. मग बूट हातात घेऊन तो कुठे उसवेल ते शोधायचं. चवड्यापाशी वाकवून बघायचा. घडी जिथे पडते तिथे शिवण येत असेल, तर ती किती ओळींची आहे? तळ वरच्या भागाला शिवलाय की नुसता चिकटवलाय? मोजे जे घालणार तेच घालून, दुपारनंतर, पाय थोडे सुजलेले असताना बूट पायात घालायचा. नाडी बांधण्याआधी पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट जायला हवं. बांधल्यावर टाच उचलली जाता कामा नये आणि उतारावर उभं राहिलं तरी अंगठा पुढे टेकता कामा नये. फोड येतो तो पायाच्या कातडीवर बूट सारखा मागेपुढे होण्याने, आणि ओली कातडी लवकर सोलवटते. वजनाकडेही बघायचं. पायातलं वजन पावलापावलाला उचलावं लागतं, म्हणून पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा ते कितीतरी जास्त थकवतं.

आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर कायदेशीर शिकार जवळजवळ उरली नाही आणि त्याचं मला समाधान आहे. पण जंगल, पाऊस आणि चालणं आहे. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक करणाऱ्याला एक अनुभव ठाऊक असतो: दोन-तीन वर्षं माळ्यावर ठेवलेले, दिसायला नवेकोरे बूट काढावेत आणि पहिल्याच चढावर तळ जबड्यासारखा उघडावा. दोष कित्येकदा वापराचा नसतोच. अनेक बुटांत तळ आणि वरचा भाग यांमध्ये पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतल्या दमटपणाने तो आतल्या आत विघटित होत जातो आणि मुंबई-कोकणच्या हवेत न वापरताही भुगा होतो. असे बूट वर्षानुवर्षं जपून ठेवण्यापेक्षा वापरलेले बरे. ट्रेकला निघण्याच्या आठवडाभर आधी ते घालून जिने चढायचे-उतरायचे. तुटायचे असतील तर खालीच तुटू देत.

नव्या बुटाचा चिकटवलेला तळ मोच्याकडून कडेने शिवून घ्यायची आपल्याकडची रीत आहे, ती शहाणपणाची आहे. मोची तळाच्या कडेला आधी चर पाडतो, मग आरीने दोरा ओढतो; टाका चरात बसतो, त्यामुळे दगडावर घासून लगेच तुटत नाही. दोरा नायलॉनचा मागावा. बूट जलरोधक पडद्याचा असेल तर मात्र आधी विचार करावा, कारण टाका आतपर्यंत गेला तर पडद्याला भोक पडणार आणि पाणी त्यातूनच शिरणार. अशा बुटाला तळाच्या रबरी भिंतीपुरतीच शिवण घालायला सांगावं. भिजलेला बूट कधीही चुलीपाशी किंवा हीटरपुढे वाळवू नये. चामडं तडकतं आणि डिंक सुटतो. आतलं पातळ बूड बाहेर काढून बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि ते ओले झाले की बदलावेत.

बीनची ती आजन्म परतीची हमी 2018 साली संपली. भंगारात घेतलेले जुने जोडही लोक परत आणू लागले होते. आता मुदत एका वर्षाची आहे. मला त्याची हळहळ वाटते, पण त्याहून मोठी गोष्ट कंपनीने चालू ठेवली आहे. रबरी बूड झिजलं किंवा चिरलं, की बूट पैसे भरून कारखान्यात पाठवता येतो. तिथे जुनी शिवण उसवून बूड बाजूला काढतात आणि मालकाच्या पायाला सरावलेलं, घड्या पडलेलं तेच चामडं नव्या बुडाला शिवून परत पाठवतात. ज्या शिवणीवर नव्वद जोड फाटले होते, तीच शिवण आज बुटाला दुसरं आयुष्य देते, कारण चिकटवलेलं ओरबाडावं लागतं, शिवलेलं उसवता येतं. असा बूट घेताना किंमत जास्त पडते. पण चामडं दोन-तीन बुडांना सहज पुरत असेल तर हिशेब त्या सगळ्या वर्षांवर करावा, आणि हंगाम संपल्या संपल्या दुरुस्तीला पाठवावा. ऐन हंगामाच्या तोंडावर सगळ्यांनाच आपले बूट आठवतात.