पायमशीनचा भाव: वय विचारू नका, टाका बघा

जबलपुरात ओमतीलगतच्या गुरंदी बाजारात जुने पंखे आणि सायकलींच्या गर्दीत अधूनमधून एखादी पायाची शिलाई मशीन उभी दिसते. आपण नुसतं थबकलो तरी दुकानदार फडका मारून धुळीखालचं नाव उघडं करतो. "भाभीजी, असली सिंगर है, अंग्रेज़ों के ज़माने की. पच्चीस हज़ार!" आपल्याला आजीची मशीन आठवते, तिच्या ड्रॉवरमधल्या बटणांचा डबा आठवतो आणि घासाघीस करण्याचं बळ निम्म्यावर येतं.

जबलपूर हे सलवार-सुटांच्या रेडीमेड धंद्याचं शहर. शिलाईच्या कारखान्यांत मोटरच्या मशीनी आल्या, तशा पायमशीनी आधी घराच्या कोपऱ्यात गेल्या आणि आता बाजारात येताहेत. घेणारा आणि विकणारा, दोघांनाही एकच प्रश्न पडतो: रास्त भाव किती? त्याचं उत्तर शोधण्याआधी काही गैरसमज दूर करायला हवेत.

गैरसमज १: जुनी आहे, म्हणजे दुर्मीळ आहे.
वस्तुस्थिती: आयझॅक सिंगरला पेटंट मिळालं १८५१ मध्ये. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा त्याच्या कंपनीचा कारखाना १८८५ मध्ये सुरू झाला आणि एकट्या १९१३ सालात तिथून तेरा लाखांहून जास्त मशीनी बाहेर पडल्या. त्यांतल्या पुष्कळ अजूनही चालतात, कारण त्या बिडाच्या आणि पोलादाच्या आहेत. जी वस्तू लाखांनी बनली आणि सहजी मोडत नाही, ती दुर्मीळ कशी होणार? शंभर वर्षांची मशीन आदराला पात्र आहे, पण तेवढ्यासाठी पंचवीस हजारांना नाही.

गैरसमज २: बिल्ल्यावर १८५१ आहे, म्हणजे मशीन १८५१ची.
वस्तुस्थिती: निळ्या कडेच्या त्या बिल्ल्यावर नीट पाहा, शेजारी १९५१ही आहे. तो कंपनीच्या शताब्दीचा बिल्ला. काही मशीनींच्या सरकपट्टीवर पेटंटच्या तारखा कोरलेल्या असतात, त्यांनाही लोक जन्मतारीख समजतात. खरी जन्मपत्रिका म्हणजे बैठकीवर ठोकलेला क्रमांक. सिंगरने १९०० पासून आकड्यांआधी इंग्रजी अक्षर लावायला सुरुवात केली. 'वाय' किंवा 'एफ' असेल तर मशीन क्लाइडबँकची. 'ई'ने सुरू होणारी दोन अक्षरं असतील तर तीही तिथलीच, पण साधारण १९३५ नंतरची. 'उषा'ची गोष्ट तर आणखी सोपी. ही मशीन बनवणारी कोलकात्याची जय इंजिनियरिंग कंपनीच १९३०च्या दशकातली. उषा कितीही काळी आणि कितीही जड असली, तरी ती व्हिक्टोरिया राणीच्या काळातली असणं शक्य नाही.

गैरसमज ३: वर सिंगर लिहिलंय, म्हणजे सगळी सिंगरच.
वस्तुस्थिती: लुधियानात सिंगरच्या पंधरा क्रमांकाच्या नमुन्यावर बेतलेल्या मशीनी वर्षानुवर्षं बनत आल्या आहेत. सोनेरी नक्षीचे स्टिकर विकत मिळतात, बिल्लाही बदलता येतो. वरचं डोकं एका कंपनीचं आणि खालचा पाय दुसऱ्या कंपनीचा, अशी जोडी तर फारच नेहमीची. शिवायला त्याने काही बिघडत नाही. पण भाव 'असली'चा सांगितला जात असेल, तर डोक्यावरचं नाव, पायाच्या जाळीतलं नाव आणि क्रमांक, तिन्ही जुळतात का ते बघा.

गैरसमज ४: जुन्या मशीनीत 'लाल पारा' असतो, तिला लाखो रुपये मिळतात.
वस्तुस्थिती: ही निव्वळ अफवा आहे. २००९ मध्ये सौदी अरेबियात ती इतकी पसरली, की साध्या जुन्या सिंगर मशीनींना अचाट भाव आले. सुईजवळ मोबाइल धरायचा, रेंज गेली की पारा आहे, अशी 'परीक्षा'ही निघाली होती. शिलाई मशीनीत पाऱ्याचं काहीच काम नसतं. तिच्यात लोखंड, पोलाद, थोडं पितळ आणि तेल, एवढंच असतं. पाऱ्याचा विषय काढणाऱ्या माणसाशी व्यवहारच करू नये.

गैरसमज ५: चाक फिरत नाही, म्हणजे भंगार, फिरतं, म्हणजे चालू.
वस्तुस्थिती: बरीच वर्षं न वापरलेली मशीन बहुतेक वेळा वाळलेल्या तेलामुळे अडकते. रॉकेलने धुऊन आणि मशीनचं तेल सोडून दोन दिवस ठेवली, की ती सहसा मोकळी होते. खरा घात करते ती भेग. जबलपुरात लष्करी उत्पादनासाठी बीड ओतणारी ग्रे आयर्न फाउंड्री आहे. बीड दाबाला दणकट पण आघाताला ठिसूळ, आणि त्याचं वेल्डिंग जिकिरीचं, हे इथल्या ओतारी कामगाराला सांगावं लागत नाही. म्हणून पायाच्या जाळीवर आणि बैठकीच्या कोपऱ्यांवर बोट फिरवून भेग शोधा. दुसरी अडचण लांब शटलच्या जुन्या मशीनींची. गोल बॉबिनच्या पंधरा नंबरचे भाग सगळीकडे मिळतात. पण होडीसारखं लांब शटल हरवलेलं असेल, तर ते शोधताना दमछाक होते.

आता परीक्षा. सुती कापडाचा दुहेरी तुकडा आणि दोन रंगांचे दोरे घरून न्या. चाक आपल्याकडे फिरवत हातभर शिवा. उलटं फिरलं तर दोरा गुंततो, त्याचा दोष मशीनला देऊ नका. मग तुकडा उलटून पाहा. वरच्या दोऱ्याचे फास खाली लोंबत असतील तर ताण सैल आहे. तो स्क्रूचा प्रश्न, पैशांचा नव्हे. टाके सुटत असतील तर नवी सुई लावून पुन्हा शिवा. तरीही सुटले, तर शटलचं टोक झिजलेलं असू शकतं. तो मात्र खर्च आहे.

भाव काढायचा हिशेब सोपा आहे. तळाचा भाव भंगाराचा, माथ्याचा भाव तशाच नव्या काळ्या मशीनचा. समजा वजन ३५ किलो आणि बिडाला किलोमागे २५ रुपये, तर तळ ८७५. समजा नवी ८,००० ला मिळते. नीट शिवणाऱ्या जुनीला माझ्या मते त्याच्या निम्मे, म्हणजे ४,००० पुरेत. पट्टा, बॉबिन केस आणि कारागिराची मजुरी मिळून ८०० लागणार असतील, तर ३,२०० वर थांबा. आकडे तुमच्या बाजारातले घाला, रीत हीच ठेवा. याहून जास्त द्यायचं, ते मूळ नक्षी शाबूत असेल, सगळे भाग जागेवर असतील आणि तुम्हाला संग्रहासाठी हवी असेल तरच. नव्याने रंगवून चकचकीत केलेली मशीन संग्राहकाच्या लेखी उलट उतरते. इंटरनेटवरचे लाखाचे आकडे हे मागितलेले आहेत, मिळालेले नाहीत.

हाच हिशेब विकणाऱ्यालाही लागू आहे. आजीची चालू मशीन कबाड्याला किलोवर घालू नका. शिवण शिकणाऱ्या एखाद्या मुलीला ती निम्म्या भावात दिलीत, तरी भंगारापेक्षा जास्त पैसे हातात येतील आणि मशीन शिवत राहील.